झटका मशीन, मोटारपंप आणि दंडावरचा साखरेचा सेन्सर

वर्धेकर : रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन आणि विहिरीवर मोटारपंप, हे आपल्याकडे बहुतेक शेतांत असतेच, पण मधुमेहामुळे दंडाला साखर मोजणारा सेन्सर लावलेल्या माणसाने त्यांच्या जवळपासही जाऊ नये, असे आमच्या गावात सांगितले जाते, ते मला पटत नाही. सेन्सरचा बारीक तंतू त्वचेखालच्या द्रवातील साखर एन्झाइमच्या मदतीने मोजतो आणि तो आकडा ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींवरून मोबाइलकडे जातो. बाहेरच्या लहरींचा अडथळा मुख्यतः या दुसऱ्या टप्प्यात येतो. आकडा सहसा बिघडत नाही, पोहोचत नाही एवढेच. आकडा बिघडवणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत : काही सेन्सरांवर रोज ५०० मिलिग्रॅमहून अधिक व्हिटॅमिन सी घेतल्यास साखर खोटीच वाढलेली दिसते, आणि त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

पुसदकर : 'पोहोचत नाही एवढेच' या शब्दांना माझा आक्षेप आहे. शेतीची वीज रात्रपाळीला असली की इन्सुलिन घेणारा शेतकरी ओलितासाठी एकटाच शेतात असतो, आणि साखर ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली उतरत असताना मोबाइल इशारा न देता गप्प राहिला, तर आकडा खरा होता या समाधानाचा त्याला काय उपयोग?

वर्धेकर : धोका मान्य, पण त्याचे खापर मशीनवर का फोडावे? मोबाइल धुऱ्यावर ठेवून माणूस दूर वाफ्यात गेला, तर कोणतेही यंत्र आड न येताही सिग्नल तुटतो, कारण ब्लूटूथचा खात्रीचा पल्ला जेमतेम काही मीटरचा असतो.

चंद्रपूरकर : दोघांनीही एमआरआय आणि गुडघ्याला शेक देणारे डायथर्मी यंत्र यांचा उल्लेख केला नाही. तेथे सेन्सर काढण्याची सूचना माहितीपत्रकांत सर्रास असते, आणि म्हाताऱ्या माणसांचा संबंध झटका मशीनपेक्षा शेकाशीच अधिक येतो. शिवाय काही सेन्सर ४५ अंशांपर्यंतच चालतात. आमच्या मे महिन्याला ही मर्यादा कोणी सांगितलेली नाही.

पुसदकर : ते ठीक, तरी माझा मुद्दा उरतोच. काही सेन्सर तुटलेल्या काळातील आठ तासांपर्यंतची नोंद नंतर मोबाइलला देतात, परंतु हुकलेला इशारा मागे जाऊन वाजत नाही. म्हणून सिग्नल तुटल्याची सूचना त्रासदायक वाटते म्हणून बंद करू नये, आणि हातपाय थरथरले किंवा दरदरून घाम आला तर मोबाइलवरचा आकडा काहीही असो, बोटाला टोचून साखर तपासावी; तपासायला वेळ लागणार असेल, तर आधी साखर खावी.