एसएएस येत नाही म्हणून अर्जच करू नका?

वर या चर्चेत दोघांनी लिहिलंय की एसएएस (आकडेवारीच्या विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) येत नसेल तर बायोस्टॅटच्या (जैवसांख्यिकीच्या) विद्यार्थ्यांनी औषध कंपन्यांच्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी अर्जच करू नये. मला हे अर्धंच पटतं. जुना कोड बराचसा एसएएसमध्ये असतो, तो वाचता आला तर फायदाच. पण अमुकच सॉफ्टवेअर वापरा अशी सक्ती नाही, हे एफडीएने (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने) 2015 मध्येच स्पष्ट केलंय. सक्ती आहे ती डेटाच्या मांडणीची. 17 डिसेंबर 2016 नंतर सुरू झालेल्या औषध-चाचण्यांचा डेटा एफडीएकडे सीडिस्क या संस्थेच्या मानकांप्रमाणे द्यावा लागतो. त्यातली एसडीटीएम (गोळा केलेल्या डेटाची मांडणी) आणि ॲडॅम (विश्लेषणासाठी तयार केलेल्या डेटाची मांडणी) म्हणजे काय एवढं जरी मुलाखतीत नीट सांगता आलं, तरी समोरचा सावरून बसतो. सरावासाठी आर या प्रोग्रॅमिंग भाषेच्या फार्माव्हर्स पॅकेजांमध्ये नमुना डेटा मोफत मिळतो.

एक गोष्ट मात्र इथे कुणीच लिहिली नाही, ती म्हणजे काम कशावर मिळेल. माझ्या इंटर्नशिपच्या बारा आठवड्यांतले पहिले तीन रुग्णांचा डेटा पाहण्याची परवानगी येण्यातच गेले. शेवटी काम झालं सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकाने तयार केलेल्या कृत्रिम डेटावर: चाचणी मध्येच सोडणारे रुग्ण वाढले की मिक्स्ड मॉडेल आणि मल्टिपल इम्प्युटेशन या, अपुरा डेटा हाताळायच्या दोन पद्धतींचे अंदाज किती हलतात. काम मनापासून आवडलं, पण कोड कंपनीच्या लॅपटॉपवरच राहिला आणि प्रबंधासाठी तो सगळा नव्याने लिहावा लागला. त्यामुळे ऑफर स्वीकारतानाच लेखी विचारा: सिम्युलेशनचा कोड आणि निकाल प्रबंधात वापरता येतील का, आणि परवानगी कोण देणार?