मदत हवी आहे: चर्चमधल्या प्राण्यांच्या आशीर्वादाला आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला नेऊ का?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. घराजवळच्या एपिस्कोपल (ख्रिस्ती धर्मातला एक पंथ) चर्चमध्ये संत फ्रान्सिस यांच्या सणाच्या, म्हणजे ४ ऑक्टोबरच्या, आसपासच्या रविवारी लोक आपापले प्राणी घेऊन येतात. पाद्रीबाई प्रत्येकाचं नाव विचारतात, डोक्यावर हात ठेवतात, पाणी शिंपडतात. शेजारच्या आजी दरवर्षी मांजर नेतात. यंदा म्हणाल्या, चिमीला आणाच.

चिमी १४ वर्षांची. मागचे पाय जवळजवळ गेलेत. पोटाखालून जुना टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरली की पुढचे पाय टाकत कशीबशी जिना उतरते. हा हिवाळा काढेल का, डॉक्टरांनाही खात्री नाही. म्हणून न्यायचंय. आजोळी पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असायची, तेव्हा आजोबा कामातून सुटलेल्या म्हाताऱ्या बैलाच्या खांद्यालाही हळद-तूप चोळायचे. तसं काहीतरी चिमीसाठी व्हावं असं फार वाटतं.

पण आम्ही हिंदू. त्यांच्या प्रार्थनेत गेलेलं चालेल ना? आणि त्याहून मोठी अडचण पाण्याची. बागेतला पाइप नुसता दिसला तरी चिमी थरथरते. पाणी नको, हे त्यांना वाईट न वाटता कसं सांगायचं? कुणी गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद: मी वसईची, कॅथलिक. जरूर जा. आमच्याकडे संत फ्रान्सिसना, इटलीतल्या असिसी गावचे म्हणून, असिसीकर म्हणतात. पाखरांना बहिणी म्हणून प्रवचन देणारा संत तो, त्याच्या सणाला तुमची चिमी परकी कशी? आधी फोन करून पाण्याचं सांगून ठेवा. नुसता हात ठेवूनही आशीर्वाद देतात. हा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी बाहेर हिरवळीवर असतो, पण उपासनेला जोडून असेल तर कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाची भाकर नि द्राक्षरस देतात त्या, वेळी जागेवरच बसून राहा, कुणी काही म्हणत नाही. आणि रांगेत शेवटी थांबा, तोवर भुंकणारी मंडळी पांगतात. तिच्या अंथरुणातली चादर सोबत असू द्या, ओळखीचा वास लागतो त्यांना.

धागाकर्ती: ताई, खूप आभार. आत्ताच फोन केला. पाद्रीबाईंनी आधी चिमीचं नाव नीट दोनदा म्हणून घेतलं. मग म्हणाल्या, तिला उतरवूच नका, मीच गाडीपाशी येते.