ओव्हरवेट आणि ओबीस, मराठीत दोन वेगळे शब्द कोणते?

शब्दवेडी: एका आरोग्यपत्रकाचं भाषांतर करतेय आणि तक्त्यात अडकलेय. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २५ ते २९.९ म्हणजे ओव्हरवेट, ३० पासून पुढे ओबीस. मी 'जादा वजन' आणि 'लठ्ठ' लिहिलं, तर तपासणाऱ्या बाई म्हणतात लठ्ठ अपमानास्पद आहे, 'स्थूल' करा. पण स्थूल तर लोक दोन्हींना म्हणतात, मग पायरी दिसणार कशी?

मोरपीस: अतिवजन आणि लठ्ठपणा, पेपरात हेच असतं. लठ्ठमध्ये अपमान कसला, लठ्ठ पगार म्हणतोच की आपण. मला तर तो हिंदीतल्या लट्ठचा, म्हणजे जाड सोट्याचा भाऊबंद वाटतो.

जुनीवही: पगाराचं सोडा. मला शाळेत याच नावाने हाक मारायचे. पुढे डॉक्टरांनीही तोच शब्द वापरला आणि मी जाणंच टाळायला लागले, शुगर वाढलेली फार उशिरा कळली. तेव्हा शब्दाने फरक पडतो.

दंडान्वय: आपल्याकडे 'मेदस्वी' असताना ही ओढाताण कशाला? चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या २१व्या अध्यायात अतिस्थूलाची चर्चा आहे, तिथे कारण मेद म्हणजे चरबी वाढणं हेच दिलंय, नुसतं वजन नाही.

मोरपीस: मेदस्वी किती जणांना कळेल? पत्रक लोकांसाठी आहे, पंडितांसाठी नाही.

कंपाउंडर: शब्द अवघड असेल पण मुद्दा दंडान्वय यांचाच बरोबर आहे. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, बस. त्याला स्नायू आणि चरबी यातला फरक कळत नाही, व्यायामाने कमावलेल्या शरीराचाही २८ येऊ शकतो. खरा त्रास पोटातल्या अवयवांभोवतीच्या चरबीचा, तिच्यामुळे इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही आणि मधुमेह, बीपी मागे लागतात. म्हणून कंबर मोजा. दक्षिण आशियाई पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमीपासून धोका धरतात. भारतीयांसाठी बीएमआयच्या रेषाही खाली आहेत, ओव्हरवेट २३ पासून आणि ओबीस २५ पासून. तुमचा तक्ता नक्की कोणासाठी आहे ते आधी बघा.

जुनीवही: मग 'पोट सुटलंय' हाच सगळ्यात नेमका शब्द झाला की! कुणालाही कळतो आणि लागतही नाही फारसा.

दंडान्वय: तो वाक्प्रचार आहे, तक्त्यात कसा बसवणार? परिभाषा हवी.

मोरपीस: परिभाषेच्या नादातच लोक वाचायचं सोडतात. आणि आपल्या भाषेचा घोळ बघा, वजन वाढलं की आपण म्हणतो 'तब्येत सुधारली', उतरलं की 'वाळलास रे'. हे ऐकत मोठं झालेल्याला जादा वजन हा धोका आहे हे पटणार कसं?

कंपाउंडर: अगदी. वजन पाच ते दहा टक्के उतरलं तरी बीपी, शुगरमध्ये फरक दिसतो, पण माणूस तेवढा उतरला की घरचे विचारतात आजारी होतास का.

दंडान्वय: 'तब्येत सुधारली' हे आजारातून उठलेल्याला म्हणायचं, तिथे ते योग्यच आहे. सरसकट वापर चुकीचा.

जुनीवही: आमच्याकडे सरसकटच म्हणतात, आणि प्रेमाने म्हणतात.