मुलाची उधारी फेडणं थांबवायचं कसं?

प्रश्न: मुलगा २९ वर्षांचा, दारू सुटत नाही. पैसे बंद करायचं ठरवलंय, पण वसुलीवाले दारात येतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: आधी बँक. जोडखात्यातून त्याचं नाव काढायला त्याचीही सही लागते, म्हणून पेन्शन सरळ नव्या खात्यावर वळवा. यूपीआय पिन बदला. तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल तर सज्ञान मुलाचं कर्ज तुमच्यावर येत नाही. असाल तर मात्र सुटका नाही.

उत्तर २: घरं अडखळतात ती चार दिवसांनी. तो आरडाओरडा करतो, आई डब्यातले दोनशे काढून देते. झालं! जास्त ओरडलं की मिळतं, हे त्याला पक्कं कळतं. वाक्य एकच ठेवा: "पैसे नाहीत, जेवण आहे." त्याच्या साहेबाला "ताप आलाय" असा खोटा फोनही नको.

उत्तर ३: पण रोज पिणाऱ्याला कोंडून दारू एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो, जिवावर बेततं. डॉक्टर हवाच. मरायची भाषा केली तर नुसती धमकी समजू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, १४४१६. आणि तुमच्यासाठी अल-अनॉनच्या, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या आधारगटाच्या, सभा आहेत, तो येवो न येवो.