वारीतले फोटो: न विचारता चेहरा टिपायचा का?

पायवाट

ज्येष्ठ वद्य सप्तमी-अष्टमी जवळ आली की पुण्यातल्या फोटोवाल्यांच्या ग्रुपांवर दिवे घाटाचं बोलणं सुरू होतं. कुठल्या वळणावर उभं राहायचं, माउलींची पालखी घाटाला कधी लागते, आभाळ आलं तर काय करायचं. घाटात वर चढणाऱ्या पताका, पांढऱ्या टोप्यांची ती लांबच लांब रांग, याचे फोटो हजारदा काढले तरी माझी हरकत नाही. तो सोहळा सगळ्यांचा आहे.

माझा आक्षेप चेहऱ्यांना आहे. एखादी आजी रस्त्याकडेला तुळशीवृंदावन खाली ठेवून टाचेला तेल चोळत बसलेली असते आणि तिच्यापासून हातभर अंतरावर तीन-चार लेन्स येतात. कोणी "माउली, काढू का?" म्हणत नाही. नंतर तोच फोटो मोठा करून प्रदर्शनात लागतो, खाली 'श्रद्धा' किंवा 'आस' असं काहीतरी लिहिलेलं असतं. फोटो काढणाऱ्याचं नाव, कॅमेरा, लेन्स सगळं असतं. आजीचं नाव नसतं, गाव नसतं. फोटो विकला गेला तर पैसे कोणाला मिळतात हे सांगायला नको. कायद्याने कॉपीराइट फोटो काढणाऱ्याचा, हे मला माहीत आहे. मी कायद्याबद्दल बोलतच नाहीये.

अजिंठ्याच्या चित्रांना उजेडाचा त्रास होतो म्हणून तिथे आपण फ्लॅश मारत नाही. २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्याने जवळपास सगळ्या स्मारकांवरची फोटोबंदी उठवली, पण अजिंठा, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातली कबर यांना त्यातून वगळलं. दगडाच्या आणि रंगाच्या बाबतीत आपण इतका विचार करतो. जिवंत माणसासाठी एक प्रश्न विचारणं जड का जातं?

माझं मत: दृश्य असेल तर खुशाल काढा. एका माणसाचा चेहरा हाच फोटोचा विषय असेल तर आधी विचारा, विचारणं जमलं नाही तर नंतर विचारा, आणि त्याने नको म्हटलं तर डिलीट करा. आणि फोटोची एक प्रत त्या माणसापर्यंत पोचवा.

छायाप्रकाश

पूर्ण असहमत. मी बरीच वर्षं वारी टिपतोय, पोटापाण्याचं काम म्हणूनही.

तुम्ही "काढू का?" विचारलंत की समोरचा माणूस पदर सावरतो, टोपी नीट करतो आणि ताठ उभा राहतो. तो फोटो आधार कार्डाला चालेल. पखवाजावर थाप पडल्यावर उडी घेणाऱ्या टाळकऱ्याला हवेत असताना विचारायचं का? रिंगणात अश्व धावून गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धावतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते अर्ध्या सेकंदात संपतं. ते टिपायचं नसेल तर वारीची छायाचित्रं म्हणजे नुसता पताकांचा हिशोब.

दुसरं असं की, वारी ही खासगी गोष्ट नाही. लाखो माणसं भर रस्त्यातून, गावागावांतून, टाळमृदंग वाजवत जातात. लोक दर्शनाला येतात, पाया पडतात. वारकरी एकमेकांच्याही पाया पडतात. तिथे 'माझा चेहरा माझा' ही कल्पनाच मला बाहेरून आणलेली वाटते. मला आजवर तिथे कोणी अडवलेलं नाही. उलट हातात केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू ठेवतात.

सई_नाशिक

छायाप्रकाश, तुम्हाला कोणी अडवलं नाही याचा अर्थ सगळ्यांना चालत होतं असा होत नाही. बायका सहसा अडवत नाहीत. त्या पाठ फिरवतात. पाठ फिरवली की तुम्ही दुसऱ्या बाजूने जाता.

मी नीरेच्या स्नानाबद्दल बोलते. पालखी सातारा जिल्ह्यात जाते त्याआधी नीरा नदीत पादुकांना स्नान घालतात. त्या दिवशी बायकाही नदीवर असतात. मुक्कामांच्या ठिकाणी पहाटे तीन-साडेतीनला टँकरच्या नळाखाली, उघड्यावर, साडी आडवी धरून आंघोळ उरकतात, कारण दिंडीचा ट्रक निघायच्या आत सगळं आवरायचं असतं. तिथे कॅमेरे असतात. 'पहाटेचा उजेड, धुकं, वाफ' या नावाखाली ते फोटो मी स्पर्धांमध्ये पाहिले आहेत. ओल्या कपड्यातली बाई, केस मोकळे, तिला पत्ताही नाही. परीक्षकांनी बक्षीस दिलंय.

२०२५ च्या महाकुंभात स्नान करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ टाकणाऱ्या आणि विकणाऱ्या अकाउंटांवर उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे दाखल केले होते. आमच्याकडे २०२७ मध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत. रामकुंडावर काय होणार आहे ते मला आत्ताच दिसतंय. "सार्वजनिक जागा आहे" हे वाक्य तिथेही ऐकू येईल. बाईला आडोसा मिळाला नाही म्हणून ती सार्वजनिक होत नाही.

छायाप्रकाश

स्नानाच्या फोटोंबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ते काढणाऱ्याला मी छायाचित्रकार म्हणत नाही, आणि बक्षीस देणाऱ्यांनाही जाब विचारला पाहिजे. पण त्याचं ओझं टाळकऱ्याचा चेहरा टिपणाऱ्यावर टाकू नका. दोन्ही एकाच तराजूत घालणार असाल तर चर्चा पुढे जाणार नाही.

जुनी_तबकडी

थोडं मागे जाऊन बघू. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये, म्हणजे फोटोचं तंत्र जगासमोर आल्यावर पंधराएक वर्षांत. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. त्या काळापासून आपल्या माणसांचे फोटो निघाले ते बहुतेक 'नमुना' म्हणून. ब्रिटिश सरकारने १८६८ ते १८७५ या काळात 'पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यातल्या बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जातीचं किंवा जमातीचं आहे. सोबतच्या मजकुरात त्या अख्ख्या समाजाचा स्वभाव दोन ओळींत ठरवलेला: हे कष्टाळू, ते भांडखोर, हे विश्वासाला अपात्र. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा ओळखून ठेवायची होती, त्यातून हे काम मोठं झालं.

आज खाली जात लिहीत नाहीत. 'ग्रामीण भारत', 'वृद्ध वारकरी स्त्री', 'रंगीबेरंगी राजस्थान' असं लिहितात. माणूस अजून नमुनाच आहे. मला पायवाट यांच्या मुद्द्यातला 'नाव, गाव' हा भाग परवानगीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

पण छायाप्रकाश यांच्या बाजूनेही एक सांगतो. त्याच काळातले, कोणालाही न विचारता काढलेले रस्त्यांचे आणि बाजारांचे फोटो नसते तर त्या वेळची पागोटी, चोळ्या, बैलगाड्यांची चाकं आपल्याला कधी दिसलीच नसती. परवानगीचा नियम मागे लावला तर संग्रहालयांच्या भिंती निम्म्या रिकाम्या होतील.

वाखरीकर

आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे. आमची दिंडी रथामागे चालते. मी स्वतः टाळकरी.

फोटो काढल्याचा राग नाही. खरं सांगायचं तर आम्हाला तेवढं भानच नसतं. राग येतो तो चाल तोडल्याचा. अभंग रंगात आलेला असतो, विणेकरी पुढे, त्यामागे टाळकऱ्यांच्या ओळी, पावली पडतेय, आणि एकजण उलटा चालत बरोबर मधे. त्याला धक्का लागू नये म्हणून आमची ओळ मोडते. बायका फुगडी घालून दमून थांबतात, तर "मावशी, अजून एकदा, इकडे तोंड करून". तिचं वय सत्तर. ती देवासाठी फुगडी घालते, तुमच्यासाठी कशाला घालेल? पण 'नाही' म्हणायचा स्वभाव नसतो, म्हणून घालते. गोल रिंगणाला तर चोपदारांना माणसं आवरायची की कॅमेरे आवरायचे तेच कळत नाही. अश्व सुटायची वेळ आली तरी कोणी ना कोणी मातीत आडवा पडलेला असतोच.

आता "त्या माणसाला परत कुठे शोधू" हे कारण. वारीत हे कारण चालत नाही. प्रत्येक दिंडीला नंबर आहे. रथापुढे का रथामागे, कितवी, हे कोणीही सांगेल. ट्रकवर नंबर आणि गाव लिहिलेलं असतं. मुक्कामाच्या जागा ठरलेल्या: सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, पुढे माळशिरस, वेळापूर, असं करत वाखरी. दरवर्षी तेच. दिवे घाटात दुपारी काढलेला फोटो सासवडला संध्याकाळी दाखवता येतो. ज्याला पोचवायचा आहे त्याला पत्ता सापडतो.

आणि तक्रारीची जागाही वारीत आहे. संध्याकाळी तळावर समाज आरतीला चोपदार दंड वर करतात तेव्हा सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असते ती टाळ वाजवत राहते, मग तिचं म्हणणं ऐकून घेतात. हरवलं-सापडलंही तिथेच पुकारतात. फोटोवाल्यांचा विषय तिथे निघाला पाहिजे असं मला वाटतं. बाहेरच्यांनी आमच्यासाठी नियम करायची गरज नाही.

पायवाट

वाखरीकर, दिंडीच्या नंबराचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. बिनतोड आहे.

छायाप्रकाश, हवेतल्या टाळकऱ्याला विचारा असं मी म्हणत नाही. तो खाली आल्यावर, विसाव्याला दिंडी थांबल्यावर त्याच्यापाशी जाऊन स्क्रीन दाखवा. यात फोटो कुठे बिघडला? भाव टिपूनही झाला आणि माणसाला कळलंही.

रानमेवा

मला चर्चा वारीच्या बाहेर न्यायची आहे, कारण वारकऱ्याला निदान मान आहे. सगळ्यांना नाही.

आमच्या भागात पोतराज असायचे. वाढवलेले केस, कमरेला चिंध्यांचा घागरा, हातात आसूड, आणि त्याच्यामागे डोक्यावर मरीआईचा गाडा घेतलेली बायको. स्वतःच्या अंगावर फटके मारून घ्यायचे आणि पदर पसरायचा. आमच्या समाजातल्या माणसांनी हे सुटावं म्हणून फार झगडा केलाय. समजावून, कधी भांडून, केस उतरवले, पोरांना शाळेत घातलं. आणि आज शहरातल्या एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर तोच पोतराज, आसूड हवेत, खाली 'लोकसंस्कृती'. जेवताना बघायला. त्याच्या पाठीवरचे वळ त्यात छान दिसतात, काळ्यापांढऱ्यात तर जास्तच.

त्या पोतराजाला विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. वीस रुपये मिळाले असते तर नक्कीच म्हणाला असता. म्हणून परवानगीने सगळं सुटतं असं मला वाटत नाही, पायवाट. उपाशी माणसाचं 'हो' तुम्ही कुठल्या खात्यावर मांडणार? मुरळ्यांचं तेच. मुली देवाला सोडायला कायद्याने बंदी आहे, पण फोटोत ती 'जेजुरीचं वैभव' असते.

घागर

रानमेवा, पोतराजाबद्दल पटलं. पण त्याच न्यायाने वासुदेवाचाही फोटो काढायचा नाही का? आमच्या गल्लीत अजून एक येतात, मोरपिसांची टोपी, चिपळ्या, पहाटे गातात. दान दिल्यावर जेजुरीच्या खंडोबाला, पंढरीच्या विठोबाला 'दान पावलं' म्हणत एकेका देवाचं नाव घेतात. त्यांना त्या कलेचा अभिमान आहे. मुलाला शिकवताहेत. लोक गॅलरीतून व्हिडिओ काढतात आणि दार उघडत नाहीत, याचं त्यांना वाईट वाटतं. तिथे मला नियम सोपा दिसतो: फोटो काढलात तर झोळीत मूठभर घाला, नाहीतर पैसे द्या. फोटोचे पैसे दिले की माणूस बिघडतो, असं काहीजण म्हणतात. ते मला अजिबात पटत नाही. तो दान मागायलाच आलाय.

छायाप्रकाश

पैसे देणं सुरू झालं की काय होतं ते काशीच्या घाटांवर जाऊन बघा. भस्म फासून, चिलीम पेटवून, उजेड येईल त्या पायरीवर बसलेले 'साधू' दिवसभर फोटोवाल्यांसाठीच बसतात. प्रत्येक प्रवासी तोच फोटो घेऊन घरी जातो. वारीत ते अजून झालेलं नाही, होऊ नये. वारीत फोटोसाठी हातावर पैसे ठेवायला माझा ठाम विरोध आहे.

प्रत पोचवण्याचं मी मान्य करतो. यंदा वेळापूरच्या मुक्कामी छोटा प्रिंटर घेऊन बसेन, दिंडीच्या नंबराप्रमाणे. आधी विचारण्याचं मात्र मला मान्य नाही आणि होणारही नाही.

सई_नाशिक

प्रत देणं चांगलंच. पण एखादी म्हणाली, "हा फोटो नको, पुसून टाक", तर पुसणार का? तो तुमचा त्या वर्षीचा सगळ्यात चांगला फोटो असला तरी? तुमचं उत्तर मला हवंय, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं.

छायाप्रकाश

बाई आंघोळ करत असेल, रडत असेल, आजारी असेल तर पुसेन. रिंगणात आनंदाने नाचत असेल तर नाही पुसणार. तो क्षण एकटीचा नसतो, त्या सगळ्या रिंगणाचा असतो.

वाखरीकर

नाचणारी माझी आई असेल आणि ती नको म्हणाली तर पुसावा लागेल. रिंगण सगळ्यांचं आहे, तोंड तिचं आहे. वेळापूरला या, आमची दिंडी तिथेच असते, समोरासमोर बोलू. प्रिंटरला वीज मात्र तळावर मिळेल असं धरून चालू नका, बॅटरी आणा.