न भरणाऱ्या जखमेवर जनुकोपचार: चाचण्या व्हाव्यात का?

सांजवात:
आईच्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला जखम आहे. दोन वर्षं होत आली. ड्रेसिंग सोडताना गॉझ चिकटलेलं असतं, सलाइनने भिजवत बसावं लागतं. तोवर ती उशीचं टोक मुठीत घट्ट धरून असते. म्हणून मला वाटतं, जनुकोपचाराच्या चाचण्या वाढायलाच हव्यात. वाढीचं प्रथिन नुसतं वरून लावलं तर जखमेतल्या स्रावात ते लवकर नष्ट होतं. त्याचं जनुकच आत सोडलं तर तिथल्या पेशी काही दिवस ते स्वतः तयार करतील.

कातळ:
ऐकायला छान आहे, पण इतिहास बघा. रक्तपुरवठा तुटलेल्या पायांसाठी एफजीएफ या वाढीच्या प्रथिनाचं जनुक टोचून पाहिलं. छोट्या चाचणीत पाय कापण्याचं प्रमाण घटलं, सगळ्यांच्या आशा वाढल्या. मग 30 देशांतल्या 525 रुग्णांवर मोठी चाचणी झाली. 2011 मध्ये निकाल आला: पाय कापणं किंवा मृत्यू, प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली उपचाराच्या) तुलनेत काहीच फरक नाही. जपानमध्ये 2019 ला अशाच एका औषधाला सशर्त मंजुरी मिळाली होती, 2024 मध्ये कंपनीनेच माघार घेतली.

पानगळ:
पण एपिडर्मोलिसिस बुलोसाच्या (जरा घासलं तरी कातडीला फोड येणाऱ्या जन्मजात आजाराच्या) जखमांवर लावायच्या जनुक-जेलला अमेरिकेत 2023 मध्ये मंजुरी मिळालीच ना?

कातळ:
तिथे एकच जनुक बिघडलेलं असतं, ते पुरवलं की काम होतं. पायाच्या जखमेत जनुक धड असतं. बिघाड असतो तो शिरांच्या झडपांत, रक्तपुरवठ्यात किंवा मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्यात. सांजवात, राग मानू नका, पण आईंना कॉम्प्रेशन बँडेज, म्हणजे पायावर दाब देणारी घट्ट पट्टी, नीट बांधलं जातं का?

सांजवात:
राग नाही. खरं सांगायचं तर दीड वर्ष नुसती मलमपट्टीच चालली. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब कोणी ताडून पाहिला नाही, आणि त्याशिवाय घट्ट बँडेज बांधणं धोक्याचं, हे आम्हाला परवा कळलं. तरी माझं मत तेच आहे. सगळं नीट करूनही काहींच्या जखमा भरत नाहीत, त्यांनी कुठे जायचं?

कातळ:
त्यांच्यासाठी चाचणी जरूर करा. फक्त दोन्ही गटांना आधी नीट बँडेज बांधा, आणि जखम किती आकसली हे न मोजता ती पूर्ण भरली का, भरलेली टिकली का, ते मोजा.

सांजवात:
या अटी मान्य. रक्तदाबाची तपासणी सोमवारी आहे.