लेकीला चाई पडलीये, आधीच्या इन्फेक्शनमुळे असं होऊ शकतं का?

ऐरोलीची_आई

नमस्कार. लेक ७ वर्षांची आहे, दुसरीत. गेल्या रविवारी न्हायच्या आधी तिला तेल लावत होते, फणीच्या टोकाने भांग पाडला तर उजव्या कानाच्या वर जरा मागे एकदम गोल टक्कल दिसलं, दहाच्या नाण्याएवढं. बोट फिरवलं तर अगदी गुळगुळीत, ना कोंडा, ना लाली, तिला खाजही नाही. रोज सकाळी साडेसहाला मीच तिच्या दोन वेण्या घालते, रिबिनी बांधते, म्हणजे रोज त्याच केसांत माझे हात असतात आणि मला दिसलं नाही हे काही केल्या मनातून जात नाहीये. मग सगळं डोकं धुंडाळलं तर खाली मानेजवळ अजून एक सापडलं, शेंगदाण्याएवढं.

आता मागचं सांगते कारण माझा खरा प्रश्न तिथेच आहे. जूनच्या शेवटी तिला हात-पाय-तोंडाचे फोड आले होते, वर्गातल्या बऱ्याच मुलांना आले तेव्हा. त्यातून बरी झाली आणि साधारण महिन्या-सव्वा महिन्याने हाताच्या दोन बोटांची नखं मुळापासून सुटून आली, नवीन नखं आली खाली पण मी घाबरले होते. मग ऑगस्टमध्ये टॉन्सिल सुजून १०२-१०३ ताप, डॉक्टरांनी अँटिबायोटिक १० दिवसांचं दिलं होतं, ताप उतरला म्हणून मी पाचव्या दिवशी बंद केलं. आणि आता ऑक्टोबरमध्ये हे. माझ्या बहिणीला थायरॉईड आहे, मामाला कोड आहे. नेटवर वाचलं की चाई ऑटोइम्यून असते आणि इन्फेक्शननंतर शरीर स्वतःवरच उलटू शकतं. तेव्हापासून एकच डोक्यात आहे, मी औषध अर्धवट सोडलं म्हणून हे झालं का?

सासूबाई म्हणतात केसांना कीड लागलीये, गावाहून गुंजा पाठवते, उगाळून लाव. शेजारच्या काकू म्हणतात दाढ किडलीये ती काढा, केस येतील. मेडिकलवाल्याने विचारायच्या आत ट्यूब पुढे केली, ती मी घेतली नाही अजून. शाळेतून विचारलं की हे पसरणारं आहे का, तोवर तिला वेगळं बसवू. स्किनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारी आहे. काल रात्री दिवा बंद केल्यावर तिने विचारलं, आई माझे सगळे केस जाणार का. मला उत्तरच देता आलं नाही. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

कोपरीचा_बाबा

ताई ती ट्यूब घेतली नाहीत हे फार चांगलं केलंत, आता घेऊही नका. आमचा मुलगा ६ वर्षांचा असताना त्याला असाच गोल चट्टा आला, आम्ही चाई समजलो, मेडिकलमधून ट्यूब आणून तीन आठवडे चोळली. त्यात स्टिरॉइड होतं हे नंतर कळलं. चाई नव्हतीच, फंगस होतं. फरक असा की त्याच्या चट्ट्यावर पांढरा भुसा होता आणि केस मुळातून गेलेले नव्हते, अर्धवट तुटून काळे ठिपके ठिपके राहिलेले, मानेमागे गाठीही आलेल्या, पण आम्हाला कोण सांगणार. स्टिरॉइडने फंगसला रान मोकळं मिळालं आणि एक दिवस तिथे लिंबाएवढी पुवाची गाठ आली, हात लावू देईना, रात्रभर रडत होता.

मग चट्ट्याची भुकटी खरवडून केओएच टेस्ट झाली, ८ आठवडे पोटातून गोळ्या, कारण फंगस केसाच्या आत शिरलेलं असतं तिथे नुसतं मलम पोचत नाही. फणी, टोपी, उशीचा अभ्रा सगळं वेगळं केलं तरी धाकटीला झालंच. आज मुलगा ९ वर्षांचा आहे आणि त्या गाठीच्या जागी नखाएवढा डाग कायमचा राहिलाय, तिथे केस येत नाहीत. म्हणून सांगतो, ऑटोइम्यून वगैरे नंतर बघू, आधी फंगस नाही हे टेस्टने पक्कं करा. एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष होतं.

स्किन_ओपीडीतून

मी त्वचारोगात एमडी करतेय, लेकीला तपासलेलं नाही त्यामुळे निदान करत नाही, पण तुमच्या मनात जे चाललंय त्याबद्दल लिहिते.

कोपरीच्या दादांचं बरोबर, मुलांमध्ये गोल चट्टा दिसला की आधी फंगस वगळायचं. तुम्ही वर्णन केलंय ते गुळगुळीत, भुसा नसलेलं, म्हणजे चाईकडे झुकतं, पण गुरुवारी डॉक्टर डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने बघतील, चट्ट्याच्या कडेला उद्गारचिन्हासारखे केस दिसतात का, वर जाड आणि मुळाशी बारीक. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत का तेही बघतील. नखांवरून आठवलं, ती नखं सुटली ते हात-पाय-तोंडाच्या आजारानंतर होतं, आजारात नखाची वाढ काही दिवस थांबते आणि ते महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर दिसतं. त्याचा चाईशी संबंध लावू नका, नवीन नखं नीट आली ना, झालं.

आता इन्फेक्शन. तुम्ही वाचलंत ते पूर्ण खोटं नाही. केसाच्या मुळाशी जो कंद असतो त्याला शरीराने एक प्रकारची सूट दिलेली असते, तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी सहसा चौकशीला जात नाहीत, आणि कंदाच्या पेशीसुद्धा आपली ओळख दाखवणारी पाटी बाहेर लावत नाहीत. चाईमध्ये ही सूट मोडते. पाटी दिसायला लागते, टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या त्याच पेशी, गोळा होतात, सूक्ष्मदर्शकाखाली मुळाभोवती मधमाश्यांचा घोळका बसल्यासारखं दिसतं म्हणूनच पुस्तकात तसं नाव आहे. ही पाटी बाहेर यायला लावणारं एक रसायन म्हणजे इंटरफेरॉन गॅमा, आणि व्हायरसशी लढताना शरीर तेच मोठ्या प्रमाणात बनवतं. म्हणून फ्लूनंतर, कोविडनंतर चाई पडलेले पेशंट नोंदले गेलेत. पण विचार करा, त्या वर्गात किती मुलांना फोड आले? चाई किती जणांना पडली? ज्याच्यात आधीच तशी प्रवृत्ती आहे त्याच्यात ताप फार तर काडी लावतो, लाकूड आधीच रचलेलं असतं. मावशीचा थायरॉईड आणि मामाचं कोड हे त्या लाकडातलं आहे, कारण हे तिन्ही आजार एकाच कुळातले. एखाद्या मुलीत नेमकी कुठली काडी लागली हे सांगणारी टेस्ट नाही. बऱ्याच जणांत तर मागे काहीच सापडत नाही.

टॉन्सिलचं वेगळं सांगते. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे शरीर स्वतःवर उलटल्याचं पक्कं ठाऊक असलेलं उदाहरण संधिवाताच्या तापाचं आहे, घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. १० दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा तो त्यासाठी. पुढच्या वेळी मधेच बंद करू नका. पण पाच दिवस औषध कमी पडलं म्हणून चाई पडली असं मी कुठल्याही आईला सांगणार नाही, त्याला आधार नाही. आणि कुणी एएसओ ही रक्ताची टेस्ट करा म्हटलं तर त्यात वाढ दिसली म्हणजे मागे कधीतरी स्ट्रेप्टोकोकस येऊन गेला एवढंच, शाळेत जाणाऱ्या पोरांत ते नेहमीचं आहे, त्याने केसांचं काही ठरत नाही. थायरॉईडची टेस्ट मात्र घरातला इतिहास बघता डॉक्टर सांगतील तर करून घ्या.

दाढेचं म्हणाल तर एकेकाळी डॉक्टरसुद्धा तसं मानायचे, दात-टॉन्सिल काढून टाकायचे आणि केस आले की त्याचं श्रेय घ्यायचे, केस तसेही येणार होते. दाढ किडली असेल तर दाढेसाठी दाखवा.

आणि गुंजांना हात लावू नका, हे हात जोडून सांगते. ती लाल बी काळ्या ठिपक्याची, सोनार पूर्वी वजनाला वापरायचे तीच. अख्खी असते तोवर वरचं कवच कठीण असतं, पण उगाळली की आतलं विष मोकळं होतं, मुलाच्या पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो, आणि सात वर्षांची मुलगी डोकं खाजवून तोच हात तोंडात घालते. सासूबाईंना हे कारण सांगा, समजतील.

घणसोलीकर_८२

आमच्याकडे मुलाला डेंगूनंतर अडीच महिन्यांनी केस गळायला लागले, पण ते सगळ्या डोक्यावरून, उशीवर, बाथरूमच्या जाळीत गुंतवळच्या गुंतवळ, कुठे चट्टा नाही. डॉक्टर म्हणाले तापाने बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. काही औषध दिलं नाही, सहा महिन्यांत भरले. म्हणजे तापाचा आणि केसांचा संबंध असतो पण ते हे नाही.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना अचानक टक्कल पडायला लागलं तेव्हाही सगळे आधी पाणी आणि फंगस म्हणत होते, आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक गेलं, मग डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तेव्हापासून मी कुणाचं केस गळतंय ऐकलं की लगेच कारण सांगायला जात नाही.

ऐरोलीची_आई

सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टर ताई तुमचं उत्तर रात्री दोनदा वाचलं, मिस्टरांनाही वाचायला दिलं. गुंजांचं सासूबाईंना फोनवर सांगितलं, त्या आधी गप्प झाल्या मग म्हणाल्या लहानपणी आम्हाला तर लावायचे, पण नको तर नको. अजून एक विचारायचंय, सगळे केस जातात का कधी? आणि शाळेला काय सांगू?

नेरूळची_मैत्रीण

ताई मला नवव्या वर्षी चाई पडली, आता ३४ वर्षांची आहे, म्हणून मी लिहिते.

सगळे केस जातात का, तर काही जणांचे जातात, खोटं सांगत नाही. लहान वयात सुरू झालं, नखं खराब असली, दमा-एक्झिमा असला, किंवा कानामागून मानेवरून पट्ट्यासारखं पसरलं तर जरा चिवट असतं असं मला डॉक्टरांनी सांगितलेलं. पण एक-दोन चट्टे असलेल्या बऱ्याच मुलांचे वर्षभरात परत येतात, मुळं जळालेली नसतात, नुसती झोपलेली असतात. माझे तीन चट्टे होते, सात महिन्यांनी भरले, आधी पांढरी लव आली, आजी म्हणाली पोरगी म्हातारी झाली, मग काळे आले. पंधराव्या वर्षी दहावीच्या आधी परत एक आला, तो गेला, त्यानंतर बाळंतपणानंतर एक. असं येत जात राहतं. तेव्हा माझ्या वेळी मलम आणि वाट बघणं एवढंच होतं, आता अमेरिकेत २०२२ ला मोठ्यांसाठी आणि २०२३ ला १२ वर्षांपुढच्या मुलांसाठी पोटातली औषधं मंजूर झालीत, ती खूप केस गेलेल्यांसाठी, तुमच्या लेकीला आत्ता त्याची गरज नसेलच बहुधा, पण वाट बंद नाही हे माहीत असावं.

शाळेचं ऐका. मलाही वेगळ्या बाकावर बसवलं होतं, खिडकीपाशी एकटी, दोन महिने. चट्ट्यापेक्षा तो बाक मला जास्त आठवतो. तुम्ही गुरुवारी डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या की हे संसर्गजन्य नाही, आणि ते वर्गशिक्षिकांच्या हातात स्वतः नेऊन द्या, डायरीतून पाठवू नका. तोवर एक दिवससुद्धा वेगळं बसू देऊ नका, तिच्या चट्ट्यावर भुसा-बिसा नाही असं तुम्हीच लिहिलंय, अगदीच शंका असली तर चार दिवस घरी ठेवा पण वेगळा बाक नको.

आणि लेकीने परत रात्री विचारलं तर सांगा की काही केस झोपलेत, उठायला वेळ लागेल, किती ते मलाही माहीत नाही. मला कुणीतरी एवढं जरी सांगितलं असतं तरी चाललं असतं, घरात सगळे माझ्यासमोर विषयच बदलायचे.

ऐरोलीची_आई

गुरुवारचं लिहिते, उशीर झाला सॉरी. केओएच केली, निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी डर्मोस्कोपचं चित्र फोनवर मोठं करून लेकीलाच दाखवलं, ती म्हणाली हे तर उद्गारचिन्ह, आम्हाला मराठीत आहे. चाईच आहे. नखं ठीक आहेत. थायरॉईडचं रक्त दिलंय, रिपोर्ट सोमवारी. लावायला स्टिरॉइडचं लोशन दिलंय, फक्त चट्ट्यावर, किती दिवस आणि कधी थांबायचं ते लिहून दिलंय, सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. मी अँटिबायोटिकचं विचारलंच, त्यांनी तुमच्यासारखंच सांगितलं ताई, जवळपास त्याच शब्दांत.

चिठ्ठी घेतली, शुक्रवारी स्वतः जाऊन दिली. टीचरनी वाचली आणि तिला तिच्या जागेवर, मैत्रिणीच्या शेजारीच बसवलं. वेण्या आता सैल घालते, भांग डाव्या बाजूला पाडला की चट्टा झाकतो. काल रात्री तिने विचारलं नाही. मीच सांगितलं झोपलेत म्हणून, तर म्हणाली मग हळू बोल.